घोड्याला दाणा कुणाचा?

जपानचा सामुराई आणि युरोपचा नाइट यांची तुलना बहुतेक वेळा तलवारीपासून सुरू होते. कताना किती धारदार, नाइटचं चिलखत किती जड, समोरासमोर आले तर जिंकेल कोण. चित्रपटांनी आणि मोबाइलवरच्या खेळांनी ही चर्चा घराघरात पोचवली आहे. पण या दोन योद्ध्यांची खरी ओळख त्यांच्या हत्यारात नाही. ती करून घ्यायची तर त्यांच्या दावणीपाशी जावं आणि विचारावं: या घोड्याला दाणा कोण घालतं, आणि त्या दाण्याच्या बदल्यात स्वाराने काय द्यायचं ठरलं आहे? सरंजामशाहीचं सारं गणित या एका प्रश्नात आहे. तो विचारला की खानदेशातला आपला सरदार आणि शिलेदार या दोघांच्या शेजारी आपोआप येऊन उभा राहतो.

शिरपूर तालुक्यातलं थाळनेर घ्या. तापीच्या उत्तर काठावरचं हे गाव आज नकाशावर शोधावं लागतं. सन 1370 मध्ये दिल्लीच्या फिरोजशहा तुघलकाने थाळनेर आणि करवंद हा मुलूख मलिक राजा फारुकी या सरदाराला जहागीर म्हणून दिला. शिकारीत वाट चुकलेल्या भुकेल्या सुलतानाला मलिकने आपल्याजवळचं अन्न दिलं आणि त्याचं नशीब उघडलं, अशी कथा फिरिश्ता या इतिहासकाराने नोंदवली आहे. कथा खरी असो वा नसो, व्यवहार स्पष्ट आहे. सुलतानाने रोख पगार दिला नाही. सीमेवरचा मुलूख दिला. त्या मुलखाचा वसूल खा, त्यावर स्वार ठेव आणि हाक आली की हजर हो. पुढे दिल्ली दुबळी झाली, मलिक राजा स्वतंत्रपणे वागू लागला आणि त्या जहागिरीतून फारुकी घराण्याचं राज्य उभं राहिलं. त्याच्या मुलाने, नासिरखानाने, असीरगड घेतला. अकबराने 1601 मध्ये तो गड जिंकेपर्यंत हे घराणं टिकलं. थाळनेरला त्यांच्या कबरी आजही आहेत.

फ्रान्समध्ये किंवा इंग्लंडमध्ये अकराव्या-बाराव्या शतकात हेच घडत होतं. राजाजवळ नाणं कमी, जमीन उदंड. पोलादी कड्यांचं चिलखत, तगडा घोडा, सोबत एक-दोन पोरं आणि बदलीची जनावरं हा खर्च एकट्या माणसाला झेपणारा नव्हता. म्हणून धनी जमीन देई आणि नाइट तिच्या उत्पन्नावर स्वतःला सज्ज ठेवी. त्यासाठी विधी असे. नाइट गुडघे टेकून जोडलेले हात धन्याच्या हातांत ठेवी आणि ‘मी तुमचा माणूस’ अशा अर्थाची शपथ घेई. वर्षाला साधारण 40 दिवस स्वखर्चाने लढाईला जायचं, असा पुष्कळ ठिकाणी रिवाज होता. त्यापुढे थांबायचं तर धन्याने खर्च द्यावा. ही शपथ दोन्ही बाजूंना बांधणारी होती, आणि मला नाइटच्या व्यवस्थेतली हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. धन्याने शब्द मोडला तर नाइटही मोकळा होत असे. 1215 मध्ये इंग्लंडच्या सरदारांनी जॉन राजाकडून मॅग्ना कार्टावर मोहोर उमटवून घेतली, तिच्या मुळाशी हाच हिशेब होता.

सामुराईची सुरुवात वेगळी आहे आणि ती आपल्या वतनदारीच्या फार जवळ जाते. कामाकुराचा लष्करी सत्ताधीश मिनामोतो योरितोमो याने 1185 नंतर आपली माणसं जागोजागी ‘जितो’ म्हणून नेमली. जितो हा जमिनीचा मालक नव्हता. जमीन दूर राजधानीत बसलेल्या उमरावाची किंवा मंदिराची. जितोने वसूल करायचा, बंदोबस्त ठेवायचा आणि त्यातला ठरीव हिस्सा आपला म्हणून घ्यायचा. हा हक्क वडिलोपार्जित असे, तो वाटून घेता येई, आणि सुरुवातीच्या काळात मुलींनाही मिळे. देशमुखाचं वेगळं काय होतं? परगण्याचा वसूल आणि बंदोबस्त त्याच्याकडे, मालकी नव्हे तर हक्क, आणि तो हक्क भावाभावांत वाटला जाणारा, प्रसंगी विकला जाणारा. नाइटच्या हातात जमिनीचा तुकडा होता. जितोच्या आणि देशमुखाच्या हातात उत्पन्नातला वाटा. शाळेच्या पुस्तकात तिघांवरही ‘सरंजामशाही’ हे एकच लेबल लागतं, त्यामुळे हा फरक झाकला जातो.

या व्यवस्थेत सामान्य स्वाराचं काय होई, याचं फार जिवंत उदाहरण जपानमध्ये आहे. मंगोलांनी 1274 मध्ये जपानवर स्वारी केली तेव्हा क्यूशू बेटावरचा ताकेझाकी सुएनागा हा बेताच्या परिस्थितीतला सामुराई लढला, जखमी झाला, पण त्याच्या नावाची नोंदच वर गेली नाही. बक्षिसी मिळेना. तेव्हा तो घोडा आणि खोगीर विकून वाटखर्चाची सोय करून थेट कामाकुराला गेला. तिथल्या अधिकाऱ्यापुढे बसून त्याने आपली फिर्याद मांडली, ‘मी पहिल्या फळीत होतो, साक्षीदार आहेत’ असं सांगून हटून बसला. अखेर त्याला एका गावचं जितोपद मिळालं आणि वर एक घोडाही. या सगळ्याची चित्रं त्याने लांबच लांब गुंडाळीवर काढून घेतली. ती आजही जपानमध्ये जपून ठेवलेली आहेत. निःस्वार्थ, मृत्यूला हसत सामोरा जाणारा सामुराई ही प्रतिमा पुष्कळ नंतरची. तेराव्या शतकातला खरा सामुराई आपल्या कामगिरीचा मोबदला मागायला दारात उभा राहत असे आणि त्यात त्याला काही कमीपणा वाटत नसे.

मराठी स्वाराची फिर्यादही याच जातीची आहे. आपल्याकडे घोडदळात दोन प्रकार होते. बारगीर, म्हणजे ज्याचा घोडा सरकारी पागेतला. शिलेदार, म्हणजे जो स्वतःचा घोडा आणि स्वतःचं हत्यार घेऊन चाकरीला येतो. शिलेदाराचा मान मोठा, पण घोडा हेच त्याचं भांडवल. तो लढाईत पडला की शिलेदाराचं घर बसलं. म्हणून शिलेदार घोडा धोक्यात घालताना दहादा विचार करतो, हे त्या काळच्या सेनानींना पुरतं ठाऊक होतं. शिवाजी महाराजांनी पागेवर भर दिला तो यामुळेच. बखरकार सभासदाने दिलेली रचना पाहा: 25 बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, आणि दर 25 घोड्यांमागे एक नालबंद आणि एक पखालजी. नाल ठोकणारा आणि पाणी वाहणारा यांचाही हिशेब राजाने धरला होता. दाणा सरकारचा, म्हणून स्वारही सरकारचा. महाराजांनी रोख पगाराचा आग्रह धरला आणि मुलूख तोडून देण्याला विरोध केला. या बाबतीत त्यांची दृष्टी त्या वेळच्या युरोपातल्या अनेक राजांच्या पुढे होती, असं माझं मत आहे.

पुढे मोगलांशी लढताना राजाराम महाराजांच्या काळात ही घडी मोडली. खजिना रिकामा, शत्रू दारात; मग लढेल त्याला मुलूख, असं धोरण आलं. शाहू महाराज आणि पेशव्यांच्या काळात त्यातून सरंजामाची पद्धत पक्की झाली. सनदेत इतक्या स्वारांची चाकरी आणि त्यासाठी इतक्या वसुलाचे महाल, असा तपशील असे. सरंजाम चाकरीसाठी दिलेला; चाकरी थांबली तर जप्त होऊ शकणारा. व्यवहारात मात्र बापानंतर मुलगा, मुलानंतर नातू.

खानदेश ही या सरदारांची मोठी जागा. कंठाजी कदमबांडे इथूनच गुजरातेत उतरत. मही नदीच्या पश्चिमेची चौथाई त्यांना आणि पूर्वेची पिलाजी गायकवाडांना, अशी वाटणी तिथला मोगल अंमलदार हमीदखान याने करून दिली होती. त्याच कदमबांड्यांच्या पदरी तळोद्याचे भोजराज बारगळ चाकरीला होते. वडील वारल्यावर होळ गावचा एक पोरका भाचा तळोद्याला या मामाकडे आला, आधी मेंढरं राखू लागला आणि मग मामाच्या पथकात स्वार झाला. तो मल्हारराव होळकर. मामाच्या मुलीशी, गौतमाबाईशी, त्याचं लग्न झालं. मल्हारराव पुढे माळव्याचे धनी झाले तरी त्यांच्या लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या त्रिकोणी निशाणाबद्दल एक परंपरा सांगितली जाते, की ते मूळचं कदमबांड्यांचं. जुन्या धन्याची आठवण म्हणून होळकरांनी ते ठेवलं. नाइटच्या ढालीवरचं चिन्ह किंवा सामुराईच्या पाठीवरचं निशाण घराण्याची ओळख सांगे. होळकरांचं निशाण दुसऱ्याच्या घरची चाकरी अभिमानाने सांगत होतं.

मेंढपाळाच्या पोराने राज्य उभं करावं, ही गोष्ट सामुराईच्या जपानमध्ये एका काळापर्यंतच शक्य होती. तोयोतोमी हिदेयोशी हा शेतकऱ्याच्या घरातला पोरगा साऱ्या जपानचा धनी झाला. मग त्यानेच दार लावून घेतलं. 1588 मध्ये त्याने शेतकऱ्यांकडची हत्यारं गोळा करवली आणि 1591 मध्ये सामुराईने शेतकरी किंवा व्यापारी होऊ नये, शेतकऱ्याने गाव सोडू नये, असा हुकूम काढला. सामुराई गावातून उठून धन्याच्या किल्ल्याभोवतीच्या शहरात राहायला गेला. आता त्याला जमीन नाही, तांदूळ मिळू लागला. मोजमाप ‘कोकू’. एक कोकू म्हणजे सुमारे 180 लिटर, एका माणसाला वर्षभर पुरेल इतका तांदूळ. 10,000 कोकूंच्या वर ज्याचं उत्पन्न तो दाइम्यो, म्हणजे मोठा सरदार. खालच्या सामुराईच्या वाट्याला जेमतेम काही कोकू. 1603 ते 1868 या तोकुगावा घराण्याच्या काळात मोठ्या लढाया जवळजवळ थांबल्या आणि कमरेला दोन तलवारी लावून हा माणूस कचेरीत हिशेब लिहू लागला. तांदूळ विकून देणाऱ्या दलालाकडे पुढच्या हप्त्यांवर कर्ज काढण्याची वेळ त्याच्यावर आली. सावकाराचा हा फास आपल्या सरदारांनाही चुकला नाही. खुद्द पहिल्या बाजीराव पेशव्यांनी आपले गुरू ब्रह्मेंद्रस्वामी यांना लिहिलेल्या पत्रांत कर्जाची व्यथा आहे.

सामुराईच्या आचारधर्माची प्रसिद्ध पुस्तकं या शांततेच्या काळातली किंवा त्यानंतरची. ‘हागाकुरे’ ज्याच्या बोलण्यातून उतरलं त्या यामामोतो त्सुनेतोमोने रणांगण पाहिलेलं नव्हतं. इनाझो नितोबे यांचं ‘बुशिदो’ 1900 साली निघालं, तेही आधी इंग्रजीत, परदेशी वाचकांसाठी. योद्धा कसा असावा हे सांगणारं लिखाण आणि योद्धा कसा होता हे सांगणारे कागद, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आचारधर्माची खरी परीक्षा हरलेल्या किल्ल्यात होते. दोन किल्लेदार शेजारी ठेवून पाहा.

पहिला शिमिझु मुनेहारु. 1582 मध्ये हिदेयोशीने त्याच्या ताकामात्सु किल्ल्याला वेढा घातला, बांध घालून नदीचं पाणी वळवलं आणि किल्ल्याभोवती तळं केलं. मुनेहारु होडीत बसून त्या पाण्यावर आला आणि दोन्ही सैन्यांसमक्ष त्याने पोट चिरून घेतलं. बदल्यात किल्ल्यातल्या लोकांचे प्राण वाचले. सौदा भयंकर होता, पण दोन्ही बाजूंना तो कळत होता आणि दोन्ही बाजूंनी तो पाळला.

दुसरा किल्लेदार पुन्हा थाळनेरचा. महिदपूरच्या लढाईत होळकर इंग्रजांकडून हरले आणि जानेवारी 1818 च्या मंदसोरच्या तहाने खानदेशातला त्यांचा मुलूख इंग्रजांकडे गेला. सर थॉमस हिस्लॉप 27 फेब्रुवारीला थाळनेरपाशी आला. किल्लेदार तुळशीराम मामा. शिबंदीत अरब जास्त. होळकरांनी किल्ला देऊन टाकला आहे, विरोध केलात तर बंडखोर समजू, असा निरोप हिस्लॉपने पाठवला. उत्तर आलं नाही, किल्ल्यातून गोळ्या मात्र सुटल्या. तोफा चालल्या, बाहेरचे दरवाजे पडले. तेव्हा तुळशीराम मामा दिंडी दरवाजातून बाहेर आले आणि इंग्रज अधिकाऱ्याच्या स्वाधीन झाले. काही अधिकारी दरवाज्यांमागून दरवाजे ओलांडत शेवटच्या दरवाजाच्या दिंडीतून आत शिरले. आतल्या अरबांशी बोलणं झालं, पण भाषेचा मेळ नाही, अटी काय ते कुणाला नीट उमगलं नाही. त्या अरुंद जागेत गोंधळ उडाला, जंबिये आणि तलवारी निघाल्या. मेजर गॉर्डन आणि कॅप्टन मॅकग्रेगर तिथे ठार झाले. मग बाहेरची फौज आत घुसली आणि सुमारे 300 माणसांची शिबंदी कापून काढली गेली. त्याच संध्याकाळी तुळशीराम मामांना फाशी दिलं. ते तर आधीच बाहेर येऊन स्वाधीन झाले होते.

या फाशीवरून विलायतेतही प्रश्न उठला. 1819 मध्ये पार्लमेंटने हिस्लॉपच्या फौजेचे आभार मानले, पण थाळनेरची कृती त्या आभारात धरू नये असं ठरलं. एकेकाळी युरोपच्या नाइटमध्ये पकडलेल्या शत्रूला खंडणी घेऊन सोडण्याची चाल होती. 1356 मध्ये फ्रान्सचा राजा दुसरा जॉन इंग्रजांकडून पकडला गेला आणि त्याच्या सुटकेसाठी पुढे 30 लाख सुवर्णनाण्यांचा करार झाला. पण ती चाल नाइटने नाइटपुरती पाळायची होती. त्याच वर्गातल्या इंग्लंडच्या पाचव्या हेन्रीने 1415 मध्ये अझँकूरला धोका दिसताच कैदी मारायचा हुकूम दिला. थाळनेरच्या दरवाजात तर दोन्ही बाजूंना मान्य असलेला एकही नियम नव्हता. धन्याने किल्ला लिहून दिल्यावर किल्लेदाराने लढत राहणं हे एका बाजूला इमान होतं, दुसऱ्या बाजूला बंड. शौर्याच्या गोष्टी सांगताना आपण योद्ध्याच्या मनाकडे पाहतो; त्याचा जीव वाचेल की जाईल हे समोरचा कोणता नियम मानतो यावर ठरत होतं.

आणि दाणा देणारा धनीच बुडाला तर? फ्रान्समध्ये इंग्लंडशी झालेल्या 1360 च्या तहानंतर बेकार झालेल्या टोळ्यांनी गावंच्या गावं लुटली. जपानमध्ये 1600 च्या सेकिगाहारा लढाईनंतर धनी गमावलेले हजारो सामुराई रोनिन होऊन भटकले. खानदेशात 1802 मध्ये यशवंतराव होळकरांच्या फौजा फिरल्या, पाठोपाठ 1803-04 चा दुष्काळ आला, मग पेंढारी आणि पगार थकलेली शिबंदी. इंग्रज आले तेव्हा असंख्य गावं ओस होती आणि शेतांत झाडी माजली होती. सामुराई आणि नाइट यांच्या तुलनेत या माणसाला, ज्याच्या खळ्यावरून दाणा उचलला जात होता त्याला, जागाच नसते. जपानी शेतकरी पिकाचा चाळीस टक्के आणि कधी त्याहून मोठा वाटा देत होता. आपल्याकडे सरकारी धाऱ्यावर चौथाई, सरदेशमुखी आणि हरतऱ्हेच्या बाबती. तिन्हीकडे घोडा त्याच्याच जिवावर उभा होता.

सातपुड्यातल्या भिल्लांचा मामला आणखी वेगळा. घाटाची राखण त्यांच्या नाईकांकडे आणि गावाची जागल्यांकडे, आणि त्याबद्दल हक्क ठरलेले. सनद क्वचित, चाल मात्र जुनी. धामधुमीत हे हक्क बुडाले तसे भिल्ल लुटीकडे वळले. इंग्रजांनी आधी बंदूक चालवून पाहिली, मग 1825 मध्ये लेफ्टनंट जेम्स आउट्रमने धरणगावला खानदेश भिल्ल पलटण उभी केली. हक्काच्या जागी पगार आला. सगळ्यांना तो मानवला नाही. सेंधव्याच्या घाटाची राखण केलेले खाज्या नाईक 1857 मध्ये उठले, सरकारी खजिना लुटला आणि 11 एप्रिल 1858 रोजी आंबापाणीच्या डोंगरात इंग्रजांशी मोठी लढाई दिली. स्वामिनिष्ठेच्या इतिहासात त्यांचं नाव घेतलं जात नाही, कारण त्यांना धनीच नव्हता. मला ते घ्यावंसं वाटतं.

नाइट, सामुराई आणि आपला सरदार या तिघांचा शेवट तलवारीने फारसा झाला नाही. नाइटची गरज पगारी पायदळाने आणि तोफांनी संपवली आणि ‘सर’ ही पदवी उरली. जपानच्या मेइजी सरकारने 1876 मध्ये सामुराईच्या कमरेची तलवार काढून घेतली आणि तांदळाच्या हप्त्याऐवजी रोखे हातात दिले. दुसऱ्या वर्षी साइगो ताकामोरी हा सामुराई बंड करून उठला आणि मारला गेला. खानदेशात 1821 मध्ये इंग्रज अधिकारी कॅप्टन ब्रिग्जवरच्या हल्ल्याच्या प्रकरणात पारोळ्याचा भुईकोट झाशीवाल्या जहागीरदारांच्या हातून गेला आणि 1859 मध्ये त्याची मोडतोड झाली. इंग्रजांच्या इनाम कमिशनने सनदा तपासून पुष्कळांची इनामं काढून घेतली. उरलेली परगणे आणि कुलकर्णी वतनं 1950 च्या कायद्याने आणि पाटीलकी 1962 च्या कायद्याने गेली.

जपानमध्ये एका गरीब सामुराईची फिर्याद सातशे वर्षं टिकली, कारण कुणीतरी ती जपली. खानदेशातल्या शिलेदाराची, जागल्याची, देशमुखाच्या भाऊबंदकीची फिर्याद मोडी कागदांत आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे 31 डिसेंबर 1926 रोजी धुळ्यात वारले आणि पुढच्याच महिन्यात तिथे त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं राहिलं. त्यांनी गावोगाव फिरून जमवलेले दप्तरांचे रुमाल तिथे आहेत. पण सगळे कागद तिथे पोचलेले नाहीत. जळगाव-धुळ्याकडच्या कितीतरी वाड्यांत ते माळ्यावर कसरीच्या तोंडी पडले आहेत. तुमच्या घरी असा रुमाल असेल तर रद्दीत घालू नका, मोडी वाचणाऱ्याला दाखवा. त्यात एखाद्या घोड्याचा रंग, त्याची किंमत आणि त्याच्या दाण्याचा हिशेब लिहिलेला असू शकतो.